व्हिटॉनच्या नावाखाली काळं रबर: एअरगनचं सील किट घेताना

‘ओरिजिनल व्हिटॉन सील किट, 90 हार्डनेस’ असं लिहिलेलं एअरगनचं पाकीट कोल्हापुरात गळ्यात मारलं गेलं. त्यातल्या रिंगा (हवा अडवणाऱ्या गोल रबरी कड्या, ओ-रिंग) तपासल्यावर निघालं ते असं: रबर व्हिटॉन हे खास रबर नव्हे, तर साधं नायट्राइल, हार्डनेस म्हणजे कडकपणा 70च्या आसपास, जाडी 1.78 ऐवजी 2 मिमी. पाकिटावर ना कंपनीचं नाव, ना बॅच, ना तारीख. सुटी रिंग काही रुपयांना मिळते, किटचे घेतले शेकड्यांनी. वर बंदुकीतली हवा रात्रभरात उतरते ती वेगळीच.

खरी मेख जाडीत आहे. 1.78च्या रिंगेसाठी ती बसते ती खाच साधारण 1.42 मिमी खोल आणि 2.4 मिमी रुंद असते. त्यात बरोबर रिंग 20 टक्के दाबली जाते आणि खाचेचा पाऊण भाग भरते. 2 मिमीची रिंग 29 टक्के दाबली जाते, खाच 92 टक्के भरते. रबराला सरकायला जागाच उरत नाही. जोडताना धातूच्या कडेने तिचा बारीक टवका निघतो आणि तिथूनच हवा गळते. उलट प्रकारही चालतो: 2.62च्या जागी 2.4ची रिंग देतात. 2.25 मिमी खोल खाचेत ती जेमतेम 6 टक्के दाबली जाते आणि थंडीच्या सकाळी गळायला लागते.

दुकानात हा फरक लपवायचा हमखास डाव म्हणजे व्हर्नियर (जबड्यांत धरून जाडी मोजायचं साधन). जबडे जरा जोरात आवळले की 2 मिमीचं रबरही ‘बघा, 1.78’ दाखवतं. व्हर्नियर आपल्या हातात घ्या, रिंग जबड्यांत नुसती टेकू द्या आणि चार ठिकाणी मापा. जुनी रिंग नमुना म्हणून नेऊ नका. ती चपटी झालेली किंवा तेलाने फुगलेली असते. माप खाचेचं घ्या: बाहेरच्या नळीच्या आतल्या व्यासातून खाचेच्या तळाचा व्यास वजा करून निम्मं केलं की खोली मिळते.

आता व्हिटॉन. ते वजनाने ओळखू येतं. आतला व्यास 10 आणि जाडी 2 मिमी अशा दहा रिंगा व्हिटॉनच्या असतील तर 2.1 ते 2.2 ग्रॅम भरतात, नायट्राइलच्या दीड ग्रॅमच्या आतबाहेर. घरच्या काट्यावर हे कळायचं नाही. गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, सोन्याच्या काट्यावर मिनिटाचं काम. पण मुळात 200 बारच्या पीसीपीला (आधीच हवा दाबून भरलेल्या बंदुकीला) व्हिटॉन लागतंच असं नाही. ते उष्णता आणि रसायनांसाठी. आपल्या हवेत 90 हार्डनेसचं चांगलं नायट्राइल किंवा पॉलियुरेथेन पुरतं. सीओटू म्हणजे कार्बन डायऑक्साइडवर चालणाऱ्या बंदुकीत मात्र गॅस रबरात मुरतो आणि रिंग फुगते, तिथे पॉलियुरेथेनच बरं. ईपीडीएम (तेलात फुगणारं दुसरं रबर) असल्याचा संशय आला तर एक रिंग रात्रभर इंजिन ऑइलमध्ये ठेवा. सकाळी फुगलेली दिसली तर बाकीच्या वापरू नका.

सगळ्यात वाईट म्हणजे दोरी कापून चिकटवलेली रिंग. बोटांवर ताणून भिंगाखाली गोल फिरवा, सांधा असेल तर रेघ उघडी पडते. अशी रिंग हाय प्रेशरवर कुणी दिलीच तर तिथल्या तिथे परत करा.

बसवण्याआधी सिलिंडर पूर्ण रिकामा करा. प्रेशर असताना एक आटाही सैल करायचा नाही. रिंगेला सिलिकॉन ग्रीसचा पुसट हात पुरे. पेट्रोलियम ग्रीस किंवा गंजनाशक स्प्रे हाय प्रेशर हवेत पेट घेऊ शकतो, आणि हे विकणाराच ‘थोडं तेल मारा’ म्हणून सांगतो! आट्यांवरून रिंग नेताना त्यांच्यावर कागद गुंडाळा. आधी 50 बार भरून साबणाचं पाणी लावा, बुडबुडा नसेल तरच पुढे जा. मॅच (स्पर्धेच्या) रायफलचा रेग्युलेटर, म्हणजे प्रेशर स्थिर ठेवणारा भाग, घरी उघडू नका, त्याला उत्पादकाचेच भाग.

घेताना शिवाजी उद्यमनगरात हायड्रॉलिक-न्यूमॅटिक सील विकणाऱ्याकडे जाऊन सुट्या नगावर घ्या आणि पावतीवर ‘नायट्राइल, 90 शोअर ए, 9.25 × 1.78’ असं पूर्ण लिहून मागा (शोअर ए हे हार्डनेसचं माप, 9.25 हा आतला व्यास). नुसतं ‘सील किट’ लिहिलेल्या पावतीवर ग्राहक आयोगात काय सिद्ध करणार? ऑनलाइन मागवलं असेल तर पाकीट उघडतानाचा व्हिडिओ, रिंगांच्या मापाचे आणि वजनाचे फोटो ठेवा, विक्रेत्याला लेखी कळवा. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार करा. रिंगा फेकू नका, त्याच पुरावा आहेत.