एआरएम लॅपटॉप, सात महिन्यांनंतर: मशीन झकास, अडलं डोंगलपाशी

नागपूरच्या महाल भागात माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तूची निमंत्रणं, कोर्टाचे अर्ज, हे काम. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा मोफत सपोर्ट संपला, जुना डेस्कटॉप विंडोज 11 घेईना, म्हणून दिवाळीत एआरएम प्रोसेसरचा (इंटेलचा नव्हे, मोबाइलमध्ये असतो त्या जातीचा) लॅपटॉप घेतला.

मशीनला नाव ठेवायला जागा नाही. सकाळी चार्जर काढला की दुकान बंद होईपर्यंत चालतो. मे महिन्यात कुलरसमोर बसूनही आपण घामाने निथळतो, हा मांडीवर कोमटच. फोटोशॉप तर पळतं.

दुखणं वेगळंच. माझं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर यूएसबी डोंगल (सॉफ्टवेअरची कुलूपकिल्ली) लावल्याशिवाय उघडत नाही. इंटेलसाठी लिहिलेले प्रोग्राम विंडोज 11 एमुलेशनने, म्हणजे मध्ये दुभाषा बसवून, एआरएमवर चालवून घेतं, पण ड्रायव्हरला (जोडलेली वस्तू चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रामला) ती सवलत नाही. तो एआरएमसाठीच लिहिलेला लागतो. डोंगलचा तसा नाही. कंपनीला फोन केला, 'बघतो' म्हणाले. नोव्हेंबरपासून बघताहेत.

'युनिकोड (कुठल्याही कॉम्प्युटरवर चालणारं मराठी टायपिंग) वापर ना भाऊ', असं सगळे सांगतात. नवीन काम त्यातच करतो. पण गिऱ्हाईक येतं ते 'मोठीच्या लग्नातलीच पत्रिका काढा, फक्त नावं बदला' म्हणत. ती फाईल 2011 ची, त्याच डोंगलवाल्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टमधली. फॉन्ट टाकला की 'श्री गजानन प्रसन्न' नीट दिसतं. चि. सौ. कां. च्या नावातली पहिली वेलांटी दुसरी करायची म्हटलं की संपलं. युनिकोडमधून अक्षर टाकावं तर ते वेगळ्याच वळणाचं, ठिगळ लावल्यासारखं. आणि अशा फायली माझ्याकडे शेकड्याने.

मायक्रोसॉफ्टचा 2012 चा सर्फेस आरटी हा एआरएमवरचाच टॅबलेट असाच देखणा होता, पण विंडोजचे जुने प्रोग्राम त्यावर चालतच नसत. 2013 मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याच्यापायी 90 कोटी डॉलरचा फटका हिशेबात दाखवला. तेव्हा मी हसलो होतो!

ब्राउझर, ऑफिस एवढ्यावर काम भागत असेल तर बिनधास्त घ्या. डोंगल, जुना प्रिंटर, डिजिटल सहीचं टोकन असं काही लावत असाल, तर आधी एकेकाचा ड्रायव्हर विचारा. प्रोसेसरचे आकडे मग बघा.

जुना डेस्कटॉप इंटरनेट तोडून टेबलाखाली सुरूच आहे. परवा ऐन लग्नसराईत त्याचा एसएमपीएस (आतला वीज पुरवणारा डबा) उडाला. भर दुपारी डोक्याला दुपट्टा गुंडाळून सीताबर्डीला गेलो, नवा आणून बसवला. लॅपटॉप तेव्हा पिशवीतच होता.