बास गिटारची खरखर आणि गुलमंडीमागचे दुरुस्तीचे दुकान: वर्षभराचा अनुभव

गेल्या वर्षी १४ एप्रिलच्या तोंडावर भीमगीतांच्या तालमी ऐन रंगात असताना माझ्या चार तारांच्या बासची सर्वांत जाड ‘ई’ तार पहिल्या ते चौथ्या फ्रेटपर्यंत (फ्रेट म्हणजे दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) खरखरू लागली. आमच्या संचातील बहुतेक गाण्यांचे मूळ स्वर नेमके त्याच चार फ्रेटांवर येतात, त्यामुळे ढोलकीच्या घुमाऱ्याखाली जो भरीव आधार हवा, तिथे पत्र्यावर खडा घासावा तसा आवाज स्पीकरमधून बाहेर पडत होता. त्याआधी दोन महिन्यांपूर्वी शहरातल्याच एका दुकानात अशीच तक्रार घेऊन गेलो होतो. तिथे काहीही न मोजता ब्रिजवरचे चारही सॅडल, म्हणजे बॉडीकडच्या टोकाला तारा ज्यांवर टेकतात ते छोटे आधार, उचलून देण्यात आले. खरखर तेवढ्यापुरती दबली, पण वरच्या फ्रेटांवर तार इतकी उंच झाली की दोन तासांच्या कार्यक्रमानंतर डाव्या हाताला गोळे येत.

छत्रपती संभाजीनगरात गुलमंडीच्या मागच्या गल्लीत हार्मोनियम, तंबोरे आणि गिटार दुरुस्त करणारे एक छोटे दुकान आहे. एका ढोलकीवादकाच्या सांगण्यावरून मी तिथे गेलो आणि तेव्हापासून वर्षभरात तीनदा बास तिथेच नेली. हा अभिप्राय त्या तीन खेपांचा आहे.

पहिल्या खेपेला दुकान चालवणाऱ्या काकांनी बास हातात घेऊन केवळ चारही तारा सुरात लावल्या आणि ती भिंतीवर टांगून ठेवली. “भाऊ, आज ही इथेच राहू द्या, लाकूड जरा स्थिरावलं की उद्या मोजू,” असे ते म्हणाले. घरी बास कुठे ठेवता, हेही त्यांनी विचारले. मी कूलरच्या खोलीत ठेवत होतो, आणि अर्धी गोष्ट तिथेच उलगडली. उन्हाळ्यात आपल्याकडे दुपारी हवा कोरडी ठाक असते, तर रात्रभर कूलर खोलीत ओल भरत राहतो. नेकचे, म्हणजे बासच्या लांब दांड्याचे, लाकूड दिवसा आक्रसते आणि रात्री फुगते. हवा कोरडी झाली की बहुतेक नेक सरळ होत जातात किंवा किंचित मागे वाकतात, तार आणि सुरुवातीचे फ्रेट यांच्यातील मोकळी जागा संपते आणि कंप पावणारी तार फ्रेटला घासू लागते. पावसाळ्यात याच्या उलट घडते.

दुसऱ्या दिवशीची मोजणी मी शेजारी उभा राहून पाहिली. वाळूजच्या कारखान्यात फिटरजवळ असतो तोच साधा फीलर गेज, म्हणजे बारीक फट मोजायच्या पातळ पात्यांचा संच, त्यांनी काढला. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावला, नेक जिथे बॉडीला मिळते तिथे ‘ई’ तार दाबून धरली आणि आठव्या फ्रेटवर, तार व फ्रेट यांच्यामध्ये, गेजचे पाते सरकवले. ०.१ मिलिमीटरचे पातेही अडकले. बासला ही फट साधारण ०.३ ते ०.३५ मिलिमीटर असावी लागते. मग त्यांनी ॲलन चावीने ट्रस रॉड डावीकडे पाव फेरा सैल केला, पुन्हा सूर लावला आणि अर्ध्या तासाने पुन्हा मोजले. नेकच्या आतली ही पोलादी सळई तारांच्या ७० किलोंहून अधिक ओढीला तोलून धरते. ती सैल केली की तारा नेकला पुढे खेचतात आणि फट वाढते. फट ०.३५ वर आल्यावरच त्यांनी सॅडलला हात लावला आणि आधीच्या दुकानाने वर नेलेल्या तारा खाली आणल्या: सतराव्या फ्रेटवर ‘ई’ तार २.४ मिलिमीटर, ‘जी’ तार २ मिलिमीटर. शेवटी बाराव्या फ्रेटवरचा दाबलेला स्वर आणि त्याच जागेचा हार्मोनिक (तारेला न दाबता नुसता स्पर्श करून काढलेला स्वर) जुळवून घेतला.

हा क्रमच या दुकानाची खरी किंमत आहे, असे माझे मत आहे. पहिल्या पाच फ्रेटांवरची खरखर बहुधा नेकची असते, बाराव्याच्या पुढची तारांच्या उंचीची किंवा नेक जास्त वाकल्याची, एकाच जागची त्या फ्रेटची, आणि फक्त मोकळ्या तारेची नटच्या (नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचेची. ही पारख न करता सॅडल उचलणे म्हणजे तापाचे कारण न पाहता गोळी देणे आहे. काकांचा हात मुळात तंबोऱ्यावर बसलेला आहे. तंबोऱ्याच्या घोडीवर तार नेमकी किती घासली म्हणजे जवारी, म्हणजे तंबोऱ्याचा तो गुंजणारा नाद, खुलते, हे ज्यांना कानाने कळते, त्यांना बासची तार नको तिथे कुठे घासते हेही लगेच ऐकू येते. मला तरी त्या दोन कामांचे नाते तिथेच प्रथम जाणवले.

दुसरी खेप जुलैअखेरची. फट ०.५ वर गेली होती आणि तारा जड लागत होत्या, तेव्हा ट्रस रॉड पाव फेऱ्याहून थोडा कमी आवळला. तिसरी डिसेंबरातली. त्या वेळी सळईला हातही लावावा लागला नाही, काकांनी मोजून बास परत दिली आणि पैसे घेतले नाहीत. पहिल्या दोन वेळी प्रत्येकी ६०० रुपये लागले. प्रत्येक मापाची नोंद ते एका वहीत करतात आणि तिची प्रत कागदावर लिहून देतात.

उणिवाही सांगायला हव्यात. उन्हाळ्यात नेकवरची, फ्रेटांखालची फळी आक्रसल्याने फ्रेटांची टोके बाहेर येऊन बोटांना टोचत होती. ती त्यांनी घासली, पण ‘जी’ तारेच्या बाजूची दोन टोके अजूनही खरबरीत आहेत. दुकानात बासच्या तारांचे पर्याय फारच थोडे मिळतात, म्हणून आपल्या जाडीचा संच सोबत न्यावा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे नेहमी वापरता त्याच जाडीच्या तारा लावून बास द्यावी, कारण जाडी बदलली की ओढ बदलते आणि सगळी मापे पुन्हा घ्यावी लागतात. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी जाऊ नये, काका किमान एक रात्र बास ठेवून घेतात. दुपारी दोन ते पाच दुकान बंद असते.