गळका फिश टँक: सिलिकॉन भरावं की नवा टँक घ्यावा?

फिश टँकखाली ओल दिसली की घरात लगेच दोन मतं पडतात. कुणी म्हणतं, सिलिकॉनची ट्यूब आणा आणि भरून टाका. कुणी म्हणतं, उचला तो, नवाच आणा. दोन्ही सल्ले बरोबर ठरू शकतात, पण त्याआधी तीन गोष्टी पाहायला हव्यात: गळती नेमकी कुठून आहे, टँक केवढा आहे आणि आपल्या भागात नळाला पाणी पुन्हा कधी येणार आहे. बाहेरगावच्या माणसाला ही तिसरी गोष्ट सुचणार नाही. सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं. इथे टँक रिकामा करायला अर्धा तास पुरतो, पुन्हा भरायला मात्र पाळीची वाट बघावी लागते. म्हणून निर्णय आधी घ्या, पाणी मग काढा.

सुरुवात प्लग काढण्यापासून करा. हीटर, फिल्टर, लाइट, सगळ्यांचे. पाणी उतरल्यावर चालू हीटर उघडा पडला तर त्याची काच तडकते, आणि ओल्या फरशीवर एक्स्टेंशन बोर्ड पडलेला असणं माशांपेक्षा माणसांना जास्त धोक्याचं. मग जाड टॉवेलने टँक आणि स्टँड सगळीकडून कोरडा पुसा, खाली वर्तमानपत्र पसरा आणि पाण्याच्या पातळीला काचेवर बाहेरून खूण करा. एअर पंप तेवढा परत सुरू करा, पण तो टँकच्या पातळीपेक्षा वर ठेवून. पंप खाली ठेवलेला असेल तर लाइट गेल्यावर पाणी नळीतून उलट येतं आणि थेंबथेंब जमिनीवर पडत राहतं. अशा वेळी गळकी नळी असते आणि दोष टँकवर येतो. नळीत वन-वे व्हॉल्व्ह बसवला की हा प्रश्न मिटतो. एप्रिल-मेमध्ये सोलापूरच्या उन्हाळ्यात पाणी नुसतं वाफ होऊनही रोज खाली जातं. पाणी खुणेच्या खाली गेलं पण कागद कोरडा राहिला, तर टँक ठीक आहे.

कागद भिजला तर जागा शोधायची. जिथे थेंब पडतो तिथेच भोक असेल असं नाही. पाणी तळाच्या कडेने वाहत जाऊन दुसऱ्या कोपऱ्यात टपकतं. बोअरचं पाणी वापरत असाल तर इथे त्याची मदत होते. जुनी, हळू चालणारी गळती जोडावर क्षाराची पांढरी रेघ सोडून जाते. रेघ नसेल तर पाणी चार बोटं उतरवून थांबा, पुन्हा पुसा, पुन्हा बघा. ज्या पातळीला गळणं थांबतं, दोष तिच्या जरा वर असतो.

पाणी कमी ठेवून दिवस काढणं

उभ्या जोडाच्या वरच्या भागात दोष असेल तर हा मार्ग तात्पुरता चांगला आहे, आणि त्याला हिशेबाचा आधार आहे. काचेवरचा दाब पाण्याच्या खोलीवर अवलंबून असतो. तीन फूट लांब आणि दीड फूट उंच टँक काठोकाठ भरला तर समोरच्या काचेवर एकूण सुमारे ९५ किलो वजनाइतका जोर पडतो. तोच अर्धा भरला तर जोर निम्मा होत नाही, जवळपास चौथाईवर येतो, म्हणजे सुमारे २४ किलो. पाण्याची पाळी चार दिवसांवर असेल तर एवढी सवलत पुरेशी आहे. मासे त्याच टँकमध्ये राहतात आणि तयारीला वेळ मिळतो. तळाच्या जोडातून गळत असेल तर मात्र पाणी कमी करून गळती मंदावते, थांबत नाही. तिथे वाट पाहू नका.

बाहेरून ठिगळ की आतून पूर्ण सील

सर्वांत जास्त घरांत बाहेरून ठिगळ लावलं जातं, आणि माझा सर्वांत जास्त विरोध त्यालाच आहे. पाणी आतून बाहेर ढकलतं. बाहेर लावलेला सिलिकॉनचा थर त्या दाबाने काचेपासून सुटत जातो. आतून लावलेला थर त्याच दाबाने काचेला घट्ट बसतो. एम-सीलसारखं पुटी घट्ट होऊन दगडासारखं होतं. पाण्याच्या पाइपवर ते उत्तम चालतं, पण टँकच्या काचा भरताना-उपसताना किंचित हलतात आणि कडक जोड त्या हालचालीला साथ देत नाही.

आतून सील करायचं ठरवलं तरी गळणाऱ्या दोन इंचांपुरतं करू नका. नवं सिलिकॉन काचेला पक्कं चिकटतं, जुन्या वाळलेल्या सिलिकॉनला नीट चिकटत नाही. म्हणून आतल्या कोपऱ्यांतली सगळी जुनी पट्टी ब्लेडने काढायची आणि सगळी नवी भरायची. इथे एक फरक समजून घ्या. टँकमध्ये सिलिकॉन दोन ठिकाणी असतं. दोन काचांच्या मधला पातळ थर टँक धरून ठेवतो. आतल्या कोपऱ्यातली पट्टी त्या थराचं पाण्यापासून रक्षण करते. पट्टी सुटली असेल आणि मधला थर बाहेरून एकसंध काळा किंवा पारदर्शक दिसत असेल, तर घरी दुरुस्ती होते. मधल्या थरात पांढुरके बुडबुडे किंवा लांब फटी दिसत असतील, तर आतून कितीही भरा, टँक सुटा करून पुन्हा जोडल्याशिवाय त्याचा भरवसा नाही.

ट्यूब घेताना हार्डवेअरच्या दुकानात नुसतं ‘सिलिकॉन द्या’ म्हणू नका. बाथरूम-किचनसाठी मिळणाऱ्या बऱ्याच ट्यूबमध्ये बुरशी मारणारं औषध असतं, आणि ते माशांना घातक ठरतं. ट्यूबवर अ‍ॅक्वेरियमसाठी असल्याचं स्पष्ट लिहिलेलं हवं. अशा सिलिकॉनला लावताना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. काच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्यायची. ते मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे असतं. क्षार असेल तर तो आधी व्हिनेगरने काढा. दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावा, एका दमात भरा, बोटाने दाबत न्या आणि ओलं असतानाच टेप काढा. दहाएक मिनिटांत वर साय धरते. त्यानंतर हात लावला की पट्टी खराब होते.

वाळण्याबद्दल सोलापूरकरांनी खास काळजी घ्यावी. सिलिकॉन हवेतला ओलावा घेऊन पक्कं होतं. आपल्याकडे उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी असते की पट्टी वरून वाळलेली दिसते आणि आतून कच्ची राहते. उन्हात ठेवून लवकर वाळेल हा समज सोडून द्या. कूलर चालतो त्या खोलीत टँक ठेवला तर उलट फायदाच होतो, फक्त झोत थेट नको, धूळ चिकटते. बऱ्याच ट्यूबवर २४ ते ४८ तास लिहिलेलं असतं. मी आठवडा धरायला सांगेन, आणि आंबट वास पूर्ण जाईपर्यंत पाणी घालू नये.

घरी की दुकानात

दोन फुटांपर्यंतचा टँक दोन माणसं उचलून रिक्षात घालू शकतात. तीन-चार फुटांचा टँक रिकामा असला तरी दुकानापर्यंत नेताना जोड आणखी सैल होण्याचा धोका असतो. मोठ्या टँकसाठी काम करणाऱ्यालाच घरी बोलवा. त्याला दोनच प्रश्न विचारा: जुनं सगळं काढणार का, आणि किती दिवसांनी पाणी भरायला सांगणार? ‘वरूनच मारतो, संध्याकाळी भरा’ असं उत्तर आलं तर दुसरा माणूस बघा. तळाच्या काचेला तडा असेल तर मात्र घरी किंवा दुकानात, कुठेही दुरुस्तीचा विचार करू नका. सगळं वजन तिच्यावर असतं. बाजूच्या काचेला तडा असेल तर काच बदलता येते, तड्यावर सिलिकॉन ओढून भागत नाही.

दुरुस्ती की नवा टँक

माझं मत आकारावर ठाम आहे. दोन फूट बाय एक बाय एकचा टँक, म्हणजे सुमारे ५७ लिटर, गळला तर नवा घ्या. ट्यूब, गन, ब्लेड आणि आठवडाभराची खटपट धरली तर दुरुस्तीत फारसं वाचत नाही, आणि स्थानिक बनावटीचे या मापाचे टँक सहज मिळतात. तीन बाय दीड बाय दीडचा टँक जवळपास १९१ लिटरचा होतो. त्याला जाड काच लागते, किंमत बरीच वाढते, आणि मधला थर शाबूत असेल तर आतून सील करून तो पुढे चांगला चालतो. इथे दुरुस्तीच करा. टँकला बरीच वर्षं झाली असतील आणि पट्टी नखाने ओढताच सुटत असेल, तर एका कोपऱ्यातल्या गळतीवरून बाकीच्या कोपऱ्यांचा अंदाज घ्या.

दोन्हीपैकी काहीही निवडलं तरी आधी स्टँड तपासा. जुन्या घरांत शहाबादी फरशी असते, ती क्वचितच सपाट असते. स्टँडचा एक पाय अर्धा सेंटिमीटर अधांतरी असला तरी १९१ किलो पाण्याचा पीळ एकाच जोडावर पडतो, आणि नवा टँकही त्याच कोपऱ्यात गळतो. गवंड्याची पाणसळ ठेवून चारही बाजू बघा, पायाखाली पक्की चकती घाला, टँकखाली थर्मोकोलची सलग शीट घाला.

हा व्याप नको, छंद थांबवायचा असं ठरलं, तर मासे दुकानदाराला किंवा ओळखीच्या कुणाला द्या. कंबर तलावात किंवा सिद्धेश्वर तलावात सोडू नका. टँकमधला सकर मासा (काचेला चिकटून शेवाळ खाणारा) मोकळ्या पाण्यात काय करतो, हे उजनी धरणाच्या मच्छीमारांना विचारा.

मधल्या आठवड्यात मासे

नवा टँक घेतला तर मासे एक-दोन दिवसच बाहेर राहतात. दुरुस्ती केली तर आठवडाभर. ज्यांच्याकडे मोठं पिंप नाही त्यांच्यासाठी हा फरक निर्णय फिरवणारा आहे. टँकमधलं जुनं पाणी फेकू नका, स्वच्छ पिंपात भरा आणि मासे त्यातच ठेवा. पिंप साबणाचं, फिनाइलचं नसावं. घरातली सर्वांत थंड जागा निवडा. गच्ची किंवा पत्र्याखालची खोली नको, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. एअर पंप चालू ठेवा, वर जाळी बांधा, खाणं अगदी थोडं द्या. मोठे मासे चार दिवस उपाशी राहू शकतात, पण घाण झालेल्या पाण्यात टिकत नाहीत. फ्लॉवरहॉर्न, म्हणजे इतर माशांवर धावून जाणारा मासा, असेल तर त्याला वेगळी बादली लागेलच. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका. त्यातले उपयोगी जिवाणू क्लोरिनने मरतात. तो त्याच पिंपात पाण्यात बुडवून ठेवा.

पाण्याच्या दिवशी भरलेलं नवं पाणी उघड्या पिंपात दिवसभर हवा सोडून ठेवा किंवा अँटी-क्लोरिनचे थेंब घाला. टँक एकदम भरायचा नाही. आधी एक तृतीयांश भरून रात्रभर कागद बघा, मग दोन तृतीयांश, मग पूर्ण. पूर्ण भरून एक दिवस कागद कोरडा राहिला की खडी घाला, स्पंज परत बसवा आणि मासे सोडा.