ट्युलिपच्या नावाने आलेले पंचवीस कंद

पुण्यात माघ महिना हा बाग राखणाऱ्यांच्या सुखाचा काळ असतो. रात्री शाल लागते, दुपारचे ऊन अजून बोचत नाही आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात कुंड्यांत पुरलेले फ्रीझिया, रॅननक्युलस, ग्लॅडिओलस यांचे कंद याच सुमारास फुलू लागतात. फ्रीझियाचा सुगंध सकाळी गच्चीचे दार उघडताच येतो. त्यासाठी मी वर्षभर वाट पाहते. एवढे सगळे असताना २०२३ च्या ऑक्टोबरात मला ट्युलिपची हाव सुटली आणि १,४९९ रुपयांना मी फसले. रक्कम फार मोठी नाही. परंतु या फसवणुकीची रीतच अशी आहे की, आपण फसलो हे तीन-साडेतीन महिने कळतच नाही आणि कळते तोवर तक्रारीची सगळी दारे बंद झालेली असतात. म्हणून सविस्तर लिहीत आहे.

त्या वर्षी फेब्रुवारीत दिल्लीतील रस्त्यांच्या कडेला फुललेल्या ट्युलिपची छायाचित्रे सगळ्यांच्या फोनवर फिरली होती. दिल्लीत फुलतात तर पुण्यात का नाही, हा प्रश्न माझ्या मनात तेव्हापासून होता. याचे उत्तर मला नंतर कळले. ट्युलिपच्या कंदाला फुलण्यापूर्वी साधारण बारा ते सोळा आठवडे दोन ते नऊ अंश सेल्सिअसचा सलग थंडावा लागतो. श्रीनगरला तो हिवाळ्यात आपोआप मिळतो आणि तेथील झबरवान डोंगराच्या पायथ्याची ट्युलिपची बाग मार्चअखेरीस बहरते. दिल्लीतले बहुतेक कंद परदेशातून येतात आणि आधीच शीतगृहात थंडावा देऊन आणलेले असतात. पुण्यात जानेवारीच्या पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास उतरला, तरी दुपारी तो तिशीकडे जातो, त्यामुळे कुंडीत राहून कंदाला हवा तो थंडावा मिळत नाही.

हे ज्ञान हाताशी नसताना फोनवर एक जाहिरात आली: ट्युलिप पंधरा, हायसिंथ पाच आणि ‘निळा अमरिलिस’ पाच, असे पंचवीस कंद, ‘महाराष्ट्राच्या हवामानासाठी खास तयार केलेले’. छायाचित्रांत निळेशार ट्युलिप होते. खरा निळा ट्युलिप अजून कोणी निर्माण केलेला नाही. त्या नावाने जे विकले जातात ते जांभळे असतात. आपल्याकडे लावतात त्या अमरिलिसमध्येही लाल, गुलाबी, पांढरा, केशरी हे रंग आहेत, निळा नाही. निळ्या रंगाला भुलून मी व्हॉट्सॲपवर संदेश पाठवला. पलीकडून आलेला पहिला शब्द होता ‘ताई’. ताई, संकेतस्थळावरून घेतलेत तर १,७९९, थेट पैसे पाठवलेत तर १,४९९. पैसे ज्या खात्यात गेले ते दुकानाच्या नावाचे नव्हते, एका व्यक्तीचे होते, आणि ते नाव पडद्यावर दिसत असतानाही मी पिन टाकला.

आठवड्याभरात खोके आले. मी टपाल खात्यात एकतीस वर्षे काढली आहेत. अपुऱ्या पत्त्याची पार्सले हातावेगळी करण्यात माझी निम्मी नोकरी गेली. या खोक्यावर पाठवणाऱ्याच्या जागी एक इंग्रजी नाव, शहर आणि फोन नंबर एवढेच होते. रस्ता नाही, पिनकोड नाही. मी ते वाचले आणि खोके उघडले. याची लाज मला पैसे गेल्यापेक्षा जास्त वाटते.

आत नारळाच्या भुश्श्यात तीन पुड्या होत्या आणि सोबत एक छापील कागद होता. कागदावर लिहिले होते की, माल चुकीचा वाटल्यास सात दिवसांच्या आत, खोके उघडतानाच्या चित्रफितीसह कळवावे. त्याखाली ठळक अक्षरांत दुसरी सूचना होती की, कंद सहा आठवडे फ्रीजमध्ये ठेवून मगच लावावेत. मला ही सूचना फार शास्त्रशुद्ध वाटली आणि विक्रेता जाणकार असल्याची खात्रीच पटली. आता कळते की त्या दोन सूचना एकमेकींसाठीच लिहिल्या होत्या. सात दिवसांत कंदाला कोंबही फुटत नाही, आणि सहा आठवडे तो फ्रीजमध्ये राहिला तर विक्रेत्याला दीड महिना निवांत मिळतो.

तेव्हा मला जे ओळखता आले नाही ते येथे लिहिते, कारण हे सात दिवसच काय ते आपल्या हातात असतात. ट्युलिपचा कंद वर टोकदार, खाली फुगीर, एका बाजूने किंचित चपटा असतो आणि त्यावर शेंगदाण्याच्या सालीसारखे पातळ, तपकिरी, सहज सुटणारे साल असते. त्याला लांब मान नसते. हायसिंथचा कंद गोल व भरीव असतो, आणि निळ्या-जांभळ्या फुलांचा असेल तर त्याच्या सालीवरही बहुधा जांभळट झाक असते. डॅफोडिलच्या एका कंदाला पुष्कळदा दोन-तीन नाके असतात. ग्लॅडिओलसचा गड्डा पेढ्यासारखा चपटा, वर्तुळाच्या रेघांचा. रॅननक्युलस तर कंदासारखा दिसतच नाही. कोळ्याने पाय आखडून घ्यावेत तसा तो वाळका झुपका असतो. माझ्याकडे आलेले ‘ट्युलिप’ लसणाच्या मोठ्या पाकळीएवढे होते, त्यांचे साल काळपट होते आणि प्रत्येकाला बोटभर लांब मान होती. ही पावसाळी लिली. आमच्या गल्लीत कोणाच्याही दारात मागितली तर मूठभर फुकट मिळेल.

फ्रीजमधल्या त्या पुडीने आणखी एक घोटाळा व्हायचा राहिला. स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींनी एका सकाळी पोह्यांसाठी त्यातले दोन कंद छोटे कांदे समजून विळीपाशी आणून ठेवले होते. पावसाळी लिली, अमरिलिस, डॅफोडिल या एकाच कुळातल्या वनस्पतींच्या कंदांत लायकोरिन नावाचे विषारी द्रव्य असते आणि ते पोटात गेल्यास जोराच्या उलट्या होतात. शोभेचे कंद फ्रीजमध्ये ठेवायचेच असतील तर झाकणाच्या डब्यात, वर मोठे नाव लिहून ठेवावेत. आणि खरे ट्युलिप असतील तर सफरचंद-केळ्यांपासून दूर, कारण पिकणाऱ्या फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने कंदातली कळी आतल्या आत मरते.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी सगळे कंद लावले. जानेवारीत ‘ट्युलिप’च्या कुंड्यांत गवतासारखी बारीक पाने आली. ट्युलिपचे पान रुंद, जाड, करड्या-हिरव्या रंगाचे असते, हे छायाचित्रांत शंभरदा पाहूनही मी विक्रेत्यालाच विचारले. त्याचे उत्तर आले, “मॅडम, धीर धरा.” ताईची मॅडम झाली होती. जानेवारीच्या शेवटी एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनाला गेले तेव्हा एका रोपवाटिकेच्या वयस्कर गृहस्थांना फोनवरचा फोटो दाखवला. त्यांनी चष्माही वर केला नाही. “ताई, ही पावसाळी लिली. दरवर्षी चार-पाच जण असा फोटो घेऊन येतात.” हायसिंथचे पाचही कंद तोपर्यंत कुजले होते, त्यामुळे ते काय होते हे कायमचे गुलदस्त्यात राहिले.

फेब्रुवारीत मी तक्रारी केल्या. ऑनलाइन आर्थिक फसवणुकीसाठी १९३० हा क्रमांक आहे आणि ग्राहकांच्या तक्रारींसाठी १९१५. दोन्हीकडे माझे म्हणणे नीट ऐकून घेतले गेले. परंतु १९३० चा खरा उपयोग पैसे गेल्यावर लगेच फोन केल्यास होतो, कारण ते पुढे काढले जाण्याआधी खात्यात अडवता येतात. माझे पैसे जाऊन साडेतीन महिने झाले होते. ते जाहिरातीचे पान नाहीसे झाले होते. ई-कॉमर्सविषयीच्या २०२० च्या नियमांनुसार ऑनलाइन विक्री करणाऱ्याने आपले कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचा संपर्क ठळकपणे द्यावा लागतो. मी खरेदीपूर्वी एवढेच शोधले असते तरी पुरे होते. छायाचित्रे मात्र नंतर शोधून पाहिली; त्यांतली दोन नेदरलँड्समधील क्युकेनहॉफ बागेची निघाली.

आता मी कंद ऑक्टोबरात रोपवाटिकेत जाऊन, हातात घेऊन, दाबून पाहून घेते. मऊ लागला की परत ठेवते. ट्युलिपचा नाद सोडला आहे. त्या कुंडीत भुईचाफा लावला. थंडी संपता संपता, एकही पान नसताना, मातीतून थेट त्याची पांढरी-जांभळी फुले वर येतात आणि त्याला कोणाच्या फ्रीजची गरज लागत नाही.

त्या पंचवीसांतल्या ‘निळ्या अमरिलिस’चे दोन कंद मात्र जगले. मे महिन्याच्या शेवटी त्यातल्या एकाला लालभडक, चेंडूएवढे गोल फूल आले. ती फुटबॉल लिली होती. मी त्याचा फोटो काढून त्याच क्रमांकावर पाठवला आणि खाली विचारले की, निळा तो कोणत्या बाजूने पाहायचा. त्या संदेशापुढे अजून एकच टिक आहे.