पुण्यात लॅव्हेंडर लावायचंय: इंग्लिश घ्यावं की फ्रेंच?

लॅव्हेंडरला ऊन भरपूर लागतं, पाणी कमी लागतं, माती भुसभुशीत लागते हे एव्हाना तुम्ही वाचलं असेलच, ते परत सांगत बसत नाही. खरा प्रश्न नर्सरीत उभं राहिल्यावर पडतो, की इंग्लिश उचलायचं का फ्रेंच. दोन्ही मी घरी वाढवली आहेत. आमची बाल्कनी पश्चिमेला आहे आणि वर गच्ची वापरायला मिळते, तेव्हा त्या हिशोबाने वाचा, तुमच्याकडे ऊन-वारा वेगळा असेल तर थोडं इकडेतिकडे होणारच.

आधी रोप नीट ओळखा, कारण लेबलवर काहीही लिहिलेलं असतं. पान बघा. इंग्लिश म्हणजे अँगुस्टिफोलिया, त्याचं पान अरुंद आणि सरळ कडेचं. फ्रेंच म्हणून मी ज्याच्याबद्दल बोलतोय ते डेन्टाटा, त्याच्या पानाच्या दोन्ही कडांना बारीक दाते असतात, बोट फिरवलं की लगेच कळतं. फ्रेंच याच नावाखाली कधीकधी स्टोइकासही मिळतं, त्याच्या जाड बोंडावर लांब जांभळ्या पाकळ्यांचा तुरा असतो, ते वेगळं. आणि एक खूप कातरलेल्या, नाजूक पानांचं लॅव्हेंडर हल्ली बऱ्याच ठिकाणी दिसतं, फुलं छान देतं पण पान चुरडलं तर आपल्याला हवा तो वास येतच नाही. वासासाठी घेत असाल तर ते सोडून द्या.

वासात इंग्लिश जिंकतं, यात काही वादच नाही. लिनालूल आणि लिनालिल ॲसिटेट हे दोन घटक त्यात जास्त आणि कापराचा अंश अगदी कमी, त्यामुळे तो गोडसर, शांत वास येतो जो आपण साबणात, अत्तरात ओळखतो. डेन्टाटामध्ये सिनिओल आणि कापूर जास्त, म्हणून त्याचा वास थोडा औषधी, रोझमेरीच्या बाजूला जाणारा. मला तो आवडतो, सकाळी पानांवरून हात फिरवला की डोकं मोकळं होतं, पण माझ्या बहिणीला अजिबात आवडला नाही, तिने लगेच नाक मुरडलं, तेव्हा हे ज्याचं त्याने ठरवावं. चहात, बिस्किटात घालायचं असेल तर मात्र इंग्लिशच, डेन्टाटा पदार्थात उग्र लागतं. आणि कुठलंही घ्या, डास पळावेत म्हणून घेत असाल तर फार आशा ठेवू नका, तेल पानाफुलांवरच्या बारीक ग्रंथींत असतं, चुरडल्याशिवाय मोकळं होत नाही, कुंडीत नुसतं उभं असलेलं झाड डासांचं काही करत नाही.

आता फुलं. जम्मूकडच्या डोंगरातल्या भद्रवाहचे जांभळे मळे आपण सगळ्यांनी फोटोत बघितलेत, जम्मूच्या आयआयआयएम या सरकारी संशोधन संस्थेने अरोमा मिशन या सुगंधी पिकांच्या योजनेतून तिथल्या शेतकऱ्यांना रोपं दिली आणि मक्याच्या जागी लॅव्हेंडर उभं राहिलं, फार मोठं काम आहे ते. ते इंग्लिशच आहे. पण भद्रवाह साधारण १६०० मीटरवर, तिथे हिवाळ्यात बर्फ पडतो, झाड गारठून विश्रांती घेतं आणि मग उन्हाळ्यात एकदम फुलतं. पुणे ५६० मीटरवर. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १० च्या आसपास आला तरी दुपारी २८-३० असतंच, त्या झाडाला हिवाळा आला असं वाटतच नाही. मुन्स्टेड, हिडकोट यांसारख्या इंग्लिशच्या जुन्या जातींना गारठा मिळाला तरच त्या मनापासून फुलतात, इथे नुसती पानं वाढवत बसतात. बियांतून करायचं असेल तर लेडी नावाची जात त्यातल्या त्यात बरी, पहिल्याच वर्षी फुलते म्हणून तिला १९९४ मध्ये अमेरिकेत नव्या जातींना दिला जाणारा ऑल-अमेरिका सिलेक्शनचा मान मिळाला होता. तरी बी ओलसर वाळूत घालून तीन-चार आठवडे फ्रीजमध्ये ठेवा, मग पेरा, मग पुन्हा वाट बघा, एवढा धीर हवा. डेन्टाटाला गारठ्याची गरजच नाही, सौम्य हवेत ते जवळजवळ वर्षभर थोडंथोडं फुलत राहतं. रंग फिका आहे, इंग्लिशचा गडद जांभळा त्याला नाही, पण आमच्याकडे फुलोरी मधमाश्या त्यावर रोज असतात.

इथपर्यंत मी दोन्हीकडे झुकू शकलो असतो, वासासाठी इंग्लिश, फुलांसाठी डेन्टाटा. माझं ठरलं ते पावसाळ्यामुळे, आणि खरं सांगायचं तर पावसामुळे पण नाही, पुण्याच्या रिपरिपीमुळे.

पुण्याचा पाऊस आकड्यात बघितला तर काहीच नाही, शिवाजीनगरला वर्षाला साधारण ७००-७५० मिलीमीटर. म्हणून वाटतं की कुंडी छताखाली घेतली की झालं. पण आषाढ-श्रावणात आपल्याकडे काय होतं, पाऊस पडत नाही आणि थांबतही नाही, आठवडा-आठवडा ऊन दिसत नाही, कपडे वाळत नाहीत, भिंतीला ओल येते. लॅव्हेंडर जिथलं आहे त्या भूमध्य समुद्राच्या प्रदेशात पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत, म्हणजे ओलावा आणि ऊब त्याला एकत्र कधी भेटतच नाहीत. आपल्याकडे बरोबर ते दोन्ही एकत्र येतात, आणि फायटॉप्थोरासारख्या मुळं कुजवणाऱ्या रोगाला हेच हवं असतं. म्हणजे वरून पाण्याचा एक थेंब पडू दिला नाही तरी हवेतला ओलावा कुठे अडवणार? कुंडीतली माती वाफशावर, म्हणजे मोकळी आणि जेमतेम ओलसर अशी, येतच नाही.

इंग्लिशमध्ये ते कसं होतं ते सांगतो कारण हे आधी माहीत असलं तर बरं. बाहेरून झाड चांगलं दिसत असतं. आतली, बुडाजवळची पानं आधी करपल्यासारखी होतात, काळपट, हात लावला की गळून पडतात. मग झाड मधून उघडं पडतं, फांद्या बाहेरच्या बाजूला लोळतात. आणि मग शेंडे मान टाकतात. आता मान टाकलेलं झाड बघितलं की कुणालाही वाटणार तहान लागली, पण मुळं कुजली की झाड पाणी ओढू शकत नाही म्हणून सुकतं, आणि आपण अजून पाणी घातलं की संपलंच. घरात झाडांना पाणी घालणारे हात एकापेक्षा जास्त असतात. आमची आई रोज सकाळी तुळशीला पाणी घालते आणि तांब्यात उरलेलं शेजारच्या कुंडीत, वर्षानुवर्षांची सवय आहे ती, आणि प्रेमाने केलेलं असतं. तुळस आणि लॅव्हेंडर एकाच कुळातली, पण पाण्याच्या बाबतीत दोघींचं अजिबात जमत नाही. डेन्टाटा एवढं उरलंसुरलं पाणी खपवून घेतं, इंग्लिश पावसाळ्यात नाही खपवून घेत. वर्षभर छाटून, माती बदलून, सकाळचं ऊन शोधून वाढवलेलं झाड ऑगस्टमध्ये मधोमध कुजताना बघायचं, आणि करण्यासारखं हातात काही नसतं, हे मला पुन्हा पुन्हा नको होतं.

डेन्टाटाची पण खालची पानं पावसाळ्यात जातात, नाही असं नाही, फुलं कमी होतात, मरगळ येते. पण गणपती झाले आणि दोन-चार कडक उन्हं मिळाली की फांद्यांवर नवे फुटवे दिसायला लागतात. माझं झाड असेच पावसाळे काढून उभं आहे. हडपसर-खराडीकडे पाऊस कमी असतो, तिथे कदाचित इंग्लिशला थोडी जास्त संधी मिळेल, वारजे-बावधन-पाषाण बाजूला मला तरी धाडस वाटतं.

त्रास डेन्टाटाचाही आहे. ते पसरतं. दोन-अडीच फूट उंच आणि तेवढंच आडवं सहज होतं, ग्रिलच्या छोट्या बाल्कनीत ते पायात येणार. छाटलं नाही तर खालून नुसतं लाकूड आणि वर चार पानं असं होतं, म्हणून फुलांचा बहर ओसरला की एक तृतीयांश छाटायचं, पण पानं असलेल्या भागातच, जुन्या, उघड्या लाकडावर कात्री मारली तर तिथून बहुतेक फूट येत नाही. छाटलेले कोवळे-निबर असे बोटभर तुकडे वाळूत खोचून ठेवा, महिना-दीड महिन्यात मुळं धरतात, डेन्टाटाचं हे सोपं जातं. म्हणजे मोठं झाड एखाद्या पावसाळ्यात गेलंच तर हाताशी दुसरं असतं.

माती दोन्हीसाठी मी सारखीच करतो, निम्मी बागेची माती, निम्म्यात जाड वाळू आणि अगदी बारीक खडी, गांडूळखत मूठभर. कोकोपीट पावसाळ्याच्या तोंडावर तरी नकोच, पाणी धरून ठेवतं. कुंडी मातीची, खाली ताटली नाही. झाडाच्या बुडाशी मातीवर खडीचा थर दिला की खालची पानं ओल्या मातीला टेकत नाहीत, एवढ्याशा गोष्टीने बराच फरक पडतो असं मला दिसलंय. बोअरचं जड पाणी असेल तर काळजी नको, किंचित अल्कधर्मी माती लॅव्हेंडरला चालते. एप्रिल-मे मध्ये पश्चिमेचं ऊन मात्र दुपारी तीननंतर फार तापतं, तेव्हा कुंडी थोडी आत ओढा.

मग इंग्लिश कुणी घ्यावं? ज्यांना तोच वास हवाय, वाळवून कपाटात पोटल्या ठेवायच्या आहेत, आणि जे ते शेवंतीसारखं हंगामी म्हणून घ्यायला तयार आहेत त्यांनी जरूर घ्यावं. दिवाळीच्या सुमारास कळ्या आलेलं रोप आणायचं, मेपर्यंत त्याचा आनंद घ्यायचा, पावसाळ्यात जगलं तर आपलं भाग्य. असं ठरवून घेतलं तर त्यात काही वाईट नाही आणि वास खरंच त्या पैशांच्या लायकीचा आहे. ज्यांना एकच झाड घेऊन वर्षानुवर्षं सोबत हवीय त्यांना मी डेन्टाटाच सांगेन.

कुठलंही घ्या पण जूनमध्ये घेऊ नका, नर्सऱ्या तेव्हाच हिरव्यागार दिसतात आणि हात आवरत नाही हे मान्य. ऑक्टोबर ते जानेवारी हा काळ बरा, सोलापूर रोडला, मांजरी, उरुळी कांचनकडे एक चक्कर मारा, जानेवारीत एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन असतं तेव्हा तिथल्या स्टॉलवरही बघा. फुलांनी लगडलेलं निवडू नका, बुडापर्यंत पानं असलेलं निवडा. फांद्या हाताने बाजूला करून मधे काळपट काही नाही ना ते बघा, पिशवी ओली आणि जड लागत असेल तर दुसरी उचला. घरी आणल्यावर मुळांभोवतीची ती चिकट माती हलक्या हाताने बरीचशी सोडवा, आपल्या मिश्रणात लावा, एकदा पाणी द्या आणि मग वरची बोटभर माती पूर्ण कोरडी होईपर्यंत परत देऊ नका.