टेस्टरचा दिवा दाखवून माझा चांगला एसएमपीएस काढून घेतला

मागच्या आठवड्यात आमच्या वाडीतला एक मुलगा कॉम्प्युटर दुरुस्तीला टाकून आला. घरी येऊन सांगत होता, "दुकानदाराने टेस्टर लावून दाखवला. कॅबिनेटला करंट उतरतोय, मदरबोर्ड लीक आहे म्हणाला." ऐकून माझ्या पोटात गोळा आला. २०२४ साली हेच वाक्य ऐकून मी ६,३०० रुपये मोजले होते. दुकान वेगळं होतं, युक्ती मात्र तीच. म्हणून जे झालं ते सगळं लिहून काढते आहे.

गुहागर तालुक्यात, समुद्राचा आवाज रात्री ऐकू येतो इतक्या जवळ आमचं घर आहे. पडवीत एका कडेला आडोसा करून मी टायपिंगचं काम करते. लग्नपत्रिका, शाळेच्या प्रश्नपत्रिका, आणि हंगाम सुरू झाला की आंबेवाल्यांची बिलं. कॉम्प्युटर २०२१ साली पुण्याहून आणला. भाच्याने एकेक भाग निवडून जोडून दिला होता. त्यातला एसएमपीएस, म्हणजे मागच्या बाजूला बसवलेला विजेचा डबा, चांगल्या कंपनीचा होता. ५५० वॅटचा, ५ वर्षांची वॉरंटी असलेला. ती वॉरंटी मी त्या दिवशी पार विसरले आणि तिथेच अडकले.

२०२४ च्या फेब्रुवारीत तीन गोष्टी एकापाठोपाठ लक्षात आल्या. मोठी रंगीत पत्रिका उघडली की डब्यातून डासासारखा बारीक 'चीं' आवाज यायचा आणि फाइल बंद केली की थांबायचा. त्या दिवसांत पंखा लागत नाही, घर शांत असतं, म्हणून तेव्हाच तो कानावर आला असणार. दुसरं, वीज जाऊन इन्व्हर्टर लागला की तोच डबा 'गूंऽऽ' करून घुमायचा. तिसरं, अनवाणी बसलेली असताना कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की बोटांना मुंग्या यायच्या. तिसऱ्या गोष्टीची मला खरी भीती वाटली. घरात लहान मुलं येतात जातात.

मशीन रिक्षात घालून चिपळूणला एका दुकानात नेलं. दुकानाचं नाव लिहीत नाही. दुकानदार गोड बोलायचा, दर वाक्याला "ताई". आवाज कधी येतो, इन्व्हर्टरवर येतो की लाइनवर, मुंग्या कुठल्या खोलीत येतात, यातलं त्याने एक अक्षर विचारलं नाही. मी सांगायला गेले तर म्हणाला, "ताई, बघितल्याशिवाय कसं कळणार?" मग त्याने मशीनची वायर घेतली, तिच्या तीन पिनांच्या तोंडाला दोन पिनांचा अडॅप्टर लावला आणि बोर्डात खुपसली. खिशातला टेस्टर कॅबिनेटच्या पत्र्याला टेकवला. लाल दिवा पेटला.

"हे बघा. करंट बाहेर येतोय. एसएमपीएस उडालाय आणि त्याने मदरबोर्डलाही लिकेज दिलंय. अजून चार दिवस चालवलं असतं तर हार्डडिस्क गेली असती, सगळा डाटा संपला असता."

त्या हार्डडिस्कमध्ये ११ वर्षांच्या पत्रिकांचे नमुने आणि सगळ्या गिऱ्हाइकांचे हिशेब होते. मी पुढे काही विचारलंच नाही. २,००० रुपये रोख आगाऊ दिले. दोन दिवसांनी मशीन आणायला गेले तेव्हा उरलेले ४,३०० फोनवरून पाठवले. नवीन एसएमपीएसचे ३,८०० आणि मदरबोर्डचं 'लिकेज काढल्याचे' २,५००. बिल मागितलं तर एका चिठोऱ्यावर पेनाने आकडे लिहून दिले. शिक्का नाही, सही नाही. जुना एसएमपीएस कुठे आहे विचारलं तर म्हणाला, "तो भंगार झालाय, घरी नेऊन काय करणार? राहू दे इथेच."

मी राहू दिला.

घरी आल्यावर 'चीं' आवाज बंद झाला होता, त्यामुळे समाधान वाटलं. मुंग्या तशाच येत होत्या. फोन केला तर म्हणाला, "थोडं राहतंच ताई, समुद्राची हवा आहे."

पुढचे दोन महिने हंगाम अंगावर होता. एप्रिलच्या अखेरीस डब्यातून अधूनमधून 'चट... चट' असा आवाज येऊ लागला. ओली काटकी चुलीत घातल्यावर येतो तसा. सोबत मासळीचा वास. आमच्या घराखाली खारवीवाडी आहे, उन्हाळ्यात तिथे अंगणाअंगणांत सुकट पसरलेली असते, वाऱ्याबरोबर वास वर येतोच. मी त्या वासाकडे लक्ष दिलं नाही. दिवसभर मशीन चालू, आणि शेजारी भिंतीला लावून पेंढा भरलेल्या आंब्याच्या पेट्यांची चळत. आज ते आठवलं तरी हातपाय गार पडतात.

मेच्या पहिल्या आठवड्यात भाचा आंबे खायला आला. पडवीत पाय ठेवला आणि थांबला.

"मावशी, हा वास कसला?"

"खालून येतोय. सुकट घातलीय."

तो दारात जाऊन उभा राहिला, परत आत आला, वाकून डब्यामागे नाक नेलं आणि तसाच भिंतीकडे जाऊन बटण बंद करून वायर ओढून काढली. मग म्हणाला, "बाहेर वारा जमिनीकडून आहे मावशी. हा वास यातून येतोय." विजेच्या सामानातले काही प्रकारचे प्लास्टिक आणि आतले भाग जास्त तापून जळायला लागले की मासळीसारखा वास सोडतात, हे मला त्या दिवशी कळलं. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी हे एवढं तरी डोक्यात पक्कं ठेवा. दुसऱ्या गावातला माणूस हा वास आला की दचकेल. आपण दचकत नाही, कारण आपल्याला तो रोजचा आहे.

त्याने डबा कॅबिनेटमधून सोडवला, पण उघडला नाही. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, वायर काढल्यावरही ३०० व्होल्टच्या वर दाब राहू शकतो, घरी कुणी उघडायचा नसतो, म्हणाला. मोबाईलची बॅटरी लावून जाळीतून नुसतं बघितलं. वरचं लेबल कोरं करकरीत, आणि त्याच डब्याच्या स्क्रूंच्या खाचा गंजाने भरलेल्या. आमच्याकडे लोखंडाला खारी हवा कशी खाते हे मला कुणी शिकवायला नको. दोन महिन्यांत पृष्ठभागावर तांबूस थर येतो. खाच भरून पापुद्रे सुटायला दोन-तीन पावसाळे जावे लागतात. आत वाळलेली कोळीष्टकं होती, आणि एका कपॅसिटरचं डोकं फुगून वर तपकिरी चिकट डाग आलेला. कुणाच्या तरी जुन्या मशीनमधला डबा पुसून, नवं लेबल चिकटवून मला ३,८०० ला दिला होता.

लेबलही खोटंच. मोठ्या अक्षरांत '५०० वॅट'. खालच्या बारीक तक्त्यात १२ व्होल्टच्या रांगेत १४ अँपिअर. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट, म्हणजे १६८. आजचा कॉम्प्युटर बहुतेक वीज या १२ व्होल्टमधूनच घेतो, त्यामुळे तोच आकडा बघायचा असतो. दुकानात उभ्याउभ्या हा गुणाकार करता येतो. मी तर हिशेब लिहिणारी बाई, मला तो नक्की आला असता. तो करायचा असतो हे फक्त कुणी सांगितलं नव्हतं.

मग मूळच्या तीन तक्रारींचं काय? भाच्याने आधी सगळं विचारून घेतलं, कधी, कशावर, किती वेळ. हे दुकानदाराने विचारायला हवं होतं. मी सांगत गेले तसा त्याचा चेहरा उतरत गेला. शेवटी म्हणाला, "मावशी, तुझ्या जुन्या डब्याला काहीच झालं नव्हतं."

'चीं' आवाज कॉइलचा होता. एसएमपीएस आपल्या २३० व्होल्टच्या विजेची सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करून त्यातून १२, ५ आणि ३.३ व्होल्ट तयार करतो. त्यात आतल्या तांब्याच्या तारेच्या गुंडाळ्या थरथरतात. ही थरथर बहुधा कानाला ऐकू येण्यापलीकडची असते, पण भार बदलला की कधीकधी ऐकू येईल एवढी खाली उतरते. रंगीत फाइल उघडली की येतो आणि बंद केली की जातो, ही त्याची खूणच. त्रासदायक आहे, धोका नाही. 'गूंऽऽ' आवाज इन्व्हर्टरचा दोष. आमचा स्वस्तातला, चौकोनी लहरीचा. चांगल्या एसएमपीएसला ती वीज मानवत नाही आणि तो घुमतो. लाइन आली की आवाज थांबत होता, म्हणजे उत्तर माझ्या समोरच होतं.

आणि मुंग्या? वायरमन दादांना बोलावलं. त्यांनी मीटर लावून फेज आणि अर्थिंगमध्ये व्होल्टेज बघितलं. २३० च्या आसपास यायला हवं होतं, तिथे धड काहीच मिळेना. घरामागे खणून बघितलं तर अर्थिंगची तार गंजून तुटलेली. "अगो वैनी," दादा म्हणाले, "तुमचा घर कातळावर. होळी झाली की खड्डा सुकून खडखडीत. तार असती तरी काय उपयोग?"

प्रत्येक चांगल्या एसएमपीएसमध्ये विजेतला गोंगाट गाळायला दोन छोटे कपॅसिटर असतात, फेज आणि न्यूट्रलपासून डब्याच्या पत्र्याला जोडलेले. अर्थिंग असेल तर त्यातून झिरपणारा किरकोळ प्रवाह जमिनीत जातो. नसेल तर पत्रा साधारण निम्म्या दाबावर, ११५ व्होल्टच्या आसपास, तरंगत राहतो. प्रवाह अगदी थोडा, पण मुंग्या यायला आणि टेस्टरचा दिवा पेटायला पुरेसा.

आता तो दोन पिनांचा अडॅप्टर आठवा. तिसरी, जाड पिन म्हणजे अर्थिंग. तिचा संपर्क त्याने स्वतःच्या हाताने तोडला आणि मग मला दिवा दाखवला. भाच्याने माझ्या समोर माझ्या दिरांच्या, नुकत्याच घेतलेल्या कॉम्प्युटरला तसाच अडॅप्टर लावला. टेस्टर पेटला. मी कितीतरी वेळ त्या दिव्याकडे बघत राहिले. मदरबोर्डचं 'लिकेज' म्हणून २,५०० रुपये दिले होते त्यात लिकेजही नव्हतं आणि दुरुस्तीही नव्हती. आणि माझा धडधाकट, वॉरंटीची दोन वर्षं शिल्लक असलेला डबा तिथेच राहिला. खरंच बिघडला असता तरी कंपनीने फुकट बदलून दिला असता.

आम्ही दोघं दुकानात गेलो. "बिल दाखवा," तो म्हणाला. चिठोरं दाखवलं. "हे माझं कशावरून?" तेव्हा फोनवरून पाठवलेल्या ४,३०० ची नोंद कामी आली, तारखेसकट आणि त्याच्या खात्याच्या नावासकट. रोख दिलेल्या २,००० ला काहीच पुरावा नव्हता. जुना डबा "भंगारवाल्याने नेला." पुण्याच्या मूळ बिलावर त्याचा क्रमांक छापलेला आहे हे ऐकल्यावर आवाज जरा खाली आला, पण डबा काही परत आला नाही.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन केला, मराठीत बोलता येतं. तक्रारीचा क्रमांक मिळाला. मग दुकानाच्या पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवलं. त्यात तारखा, रकमा, मूळ बिलाची प्रत, आणि एवढंच लिहिलं की ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि मी रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे तक्रारीचं शुल्क लागत नाही आणि २ वर्षांच्या आत तक्रार करता येते. पत्र पोचल्यावर चौथ्या दिवशी २,५०० रुपये खात्यात आले. बाकीच्यासाठी आयोगात जायला हवं होतं. सासूबाईंचं आजारपण निघालं आणि माझ्याकडून राहून गेलं, याची मला अजून खंत वाटते.

नवा एसएमपीएस भाच्याने ४,५०० ला पाठवला. दादांनी घरामागे, जिथे थोडी माती लागते तिथे, कोळसा-मीठ घालून अर्थिंगचा नवा खड्डा केला. मुंग्या त्याच दिवशी थांबल्या. एप्रिल-मेमध्ये रोज संध्याकाळी झाडांना पाणी घालताना एक कळशी त्या खड्ड्यात ओतते.

वाडीतल्या त्या मुलाला घेऊन मी परवा दुकानात गेले. मशीन अजून उघडलं नव्हतं. मी एकच सांगितलं, टेस्टर लावायचा तर तीन पिनांच्या, अर्थिंग असलेल्या सॉकेटमध्ये वायर घालून लावा. दुकानदाराने माझ्याकडे बघितलं, मुलाकडे बघितलं, आणि म्हणाला, आज गर्दी आहे, मशीन घेऊन जा. बाहेर येऊन आम्ही कॅबिनेटचा पत्रा काढला, आतल्या सगळ्या भागांच्या क्रमांकांचे फोटो काढून घेतले आणि मशीन घरी आणलं. दादा रविवारी त्याच्याकडचं अर्थिंग बघायला येणार आहेत.