ठाण्याच्या वागळे इस्टेटमधला एअरब्रशचा गाळा: आग झकास, क्लिअर घाईचा

काम: काळ्या बुलेटची टाकी आणि दोन साइड पॅनल, त्यावर खरी वाटणारी आग. टेप लावून पिवळ्या-लाल जिभा कापायच्या आणि कडेने निळी रेघ ओढायची, हा प्रकार वेगळा. तो कुठलाही बरा पेंटर करून देतो. इथे टेप लागतच नाही. हातात धरलेली स्टेन्सिल, ०.३५ मिमी नोझलचा डबल अ‍ॅक्शन एअरब्रश (एकाच खटक्याने हवा आणि रंग दोन्ही सांभाळता येतात असा), आणि थरांमध्ये वाट बघायची तयारी, एवढ्यावर सगळं चालतं.

गाळ्याची खरी ताकद थरांत आहे. काळा बेस वाळला की आधी पांढऱ्यात पिवळा-नारिंगी मिसळून मोठ्या, सैल ज्वाला मारतात, साधारण २५ पीएसआय हवेच्या दाबावर, रंग दुप्पट थिनरने पातळ करून. नुसता पांढरा वापरत नाहीत, हे बघून बरं वाटलं. पांढऱ्याचा बारीक फवारा काळ्यावर निळसर दिसतो आणि आगीला धुराची कळा येते. मग त्या सगळ्यावर लालसर कँडी. कँडी म्हणजे पारदर्शक रंग. उजेड तिच्यातून खालच्या पिवळ्यापर्यंत जाऊन परत येतो, म्हणून ज्वाला आतून पेटल्यासारखी वाटते. काळ्यावर मात्र ती जवळजवळ दिसतच नाही. त्यावर इंटरकोट क्लिअरचा (दोन थरांमधल्या बिनरंगी लेपाचा) पातळ हात, म्हणजे पुढच्या थरात काही चुकलं तर पुसता येतं आणि खालचं काम शाबूत राहतं. दुसरा थर कमी जागेत, जास्त उजळ, वर नारिंगी कँडी. तिसरा फक्त जिथे जिभा एकमेकींवरून जातात तिथे, आणि शेवटी पिवळ्या कँडीचा एक हलका फवारा. पहिल्या थरावर तिन्ही कँडी बसल्याने तो काळपट लाल होऊन मागे सरकतो. खोली येते ती अशी. डब्यातला अपारदर्शक लाल थेट मारला तर टाकीवर हळद-कुंकू सांडल्यासारखं दिसतं.

कँडीची गोम अशी की प्रत्येक हाताबरोबर ती गडद होत जाते. टाकीवर चार हात आणि पॅनलवर सहा पडले की दोन वेगळ्या गाड्यांचे भाग जोडल्यासारखे वाटतात. इथे तिन्ही भाग एकाच वेळी स्टँडवर टांगून, हात मोजून मारले होते. रंग तंतोतंत जुळलेत, उन्हातही.

खोट काढायची तर डाव्या बाजूला गुडघ्याजवळ. स्टेन्सिलचं एकच वळण तीनदा आलंय, त्याच कोनात. लांबून कळत नाही; एकदा दिसलं की मग तेच दिसतं. स्टेन्सिल दर वेळी फिरवायची, उलटी करायची, कड एका बाजूलाच धारदार ठेवून दुसरी बाजू मोकळ्या हाताने विरवायची, एवढंच तर आहे. उजव्या बाजूला त्यांनी नेमकं हेच केलंय.

आता क्लिअर. २के क्लिअरचा (हार्डनर मिसळून मारायच्या, सगळ्यात वरच्या बिनरंगी लेपाचा) पहिला हात हलकाच हवा; जाड, ओला मारला तर त्यातलं थिनर कँडी सोडवतं आणि बारीक रेषा फुटतात. ते त्यांनी सांभाळलं. पण दोन हात मारून दुसऱ्याच दिवशी बफ करून, म्हणजे घासून चमकवून, दिलं. ट्यूबलाइट टाकीत बघा, तिची कड थरथरते: ऑरेंज पील, म्हणजे संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा. नीट पद्धत म्हणजे क्लिअर पुरता कडक होऊ द्यायचा, मग १००० च्या वॉटर पेपरने सपाट करायचा, पुन्हा दोन हात, आणि काही दिवसांनी २०००-३००० फिरवून पॉलिश. आत थिनर अडकलेलं असताना बफ केलं तर आज आरसा दिसतो आणि दोन-तीन आठवड्यांत चमक मरते. हे दोन जादा हात आधीच ठरवून घ्या, पैसे वाढले तरी.

पावसाळ्यात काम देणार असाल तर एक विचारा: वॉटर ट्रॅप (हवेतलं पाणी अडवणारा फिल्टर) कुठे आहे? इथे तो कॉम्प्रेसरला चिकटून बसवलाय. तिथे हवा गरम असते, पाणी वाफेतच राहतं आणि पुढे पाइपात थंड होऊन थेंब सुटतात. गनच्या टोकाला दुसरा ट्रॅप हवा. जुलैत फास्ट थिनरने मारलेला रंग दुधाळ पडतो तो मात्र बाहेरच्या दमट हवेने. स्लो थिनर वापरायला सांगा. सात दिवस म्हणाले तर दहा धरा.

बेस काळाच ठेवला, आरसीवरचा रंगही काळाच, त्यामुळे आरटीओचा प्रश्न आला नाही. पूर्ण गाडीचा रंग बदलणार असाल तर आरसीवर नोंद लागते; गाळेवाले हे आपणहून सांगत नाहीत.

टाकी न्याल तेव्हा पेट्रोल काढून, झाकण उघडं ठेवून आदल्या दिवशी वारा लागू द्या. आणि ताब्यात घेताना पहिली नजर झाकणाखालच्या गोल कडेवर टाका. क्लिअर तिथे अर्धवट थांबला असेल तर भरताना सांडलेलं पेट्रोल त्या कडेखाली शिरतं आणि पापुद्रा तिथूनच सुटायला लागतो. इथे कड पूर्ण झाकलेली होती, रबर बसतं तिथपर्यंत.